कॉलनीच्या फाटकात मरीआई

नाशिक रोड,
९ डिसेंबर १९७९

आदरणीय दादा यांस,
सावळीरामचा सप्रेम जयभीम.

बातमी मोठी आहे, म्हणून पोस्टकार्डावर न भागवता आंतर्देशीय घेतले आहे. मी प्लॉट घेतला. गंगापूर रोडला, डांबरी रस्त्यापासून थोडा आत. कॉलनीचे नाव शांतिवन. नकाशात बगीचा आहे, मुलांना मैदान आहे आणि वाचनालयासाठीही जागा राखली आहे. आज तिथे नुसते कुसळी गवत आहे, पण शेटजींनी असा काही हात फिरवून दाखवला की मला कारंजेसुद्धा दिसले.

जागा तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. बोरशेतचा आपला वतनाचा तुकडा आपण दोघा चुलतभावांनी ज्या शेटजींना विकला, त्यांनीच तिथे ले-आउट पाडला. माझा प्लॉट साधारण आबांच्या गोठ्यावर येतो.

इथे क्वार्टरमध्ये आता जीव घुसमटतो. प्रेसमधली नोकरी चांगली, पण शेजाऱ्यांनी कुकर लावला की शिट्ट्या आम्ही मोजायच्या. सातपूरला कारखाने आल्यापासून शहरात खोली मिळत नाही, म्हणून जो तो बाहेर सरकतो आहे. शेटजी म्हणाले, साहेब, आज घेतला नाही तर उद्या शहर तुम्हाला ओलांडून पुढे निघून जाईल. मला आजवर कुणी साहेब म्हटले नव्हते.

मोठी आई आता हाकेच्या अंतरावर राहतील. लता म्हणते, रोज संध्याकाळी आम्हा नवरा-बायकोची त्यांच्याकडे चक्कर होईल, तुम्हाला सुरगाण्यात बसून आईची काळजी नको.

तुमचा,
सावळीराम


सुरगाणा,
४ जानेवारी १९८०

प्रिय सावळीराम,
जयभीम.

अभिनंदन. जमीन बिघ्याने विकून फुटाने विकत घेणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. आबा असते तर त्यांनी तुला गोठ्यातच बांधून ठेवलं असतं. जागा तीच, आणि विक्रीखताचा खर्च वाचला असता. त्या विक्रीखतावर माझीही सही आहे, म्हणून जास्त बोलत नाही, थोडंच बोलतो.

इकडे भात झोडून झाला, नागली घरात आली आणि शाळा रिकामी झाली. दरवर्षीचंच आहे. सोमा आणि त्याची बायको पुतळाबाई पोराबाळांसकट जीपच्या टपावर बसून गेली. कुठं म्हणून विचारलं तर सोमा म्हणाला, नाशकाला, बंगल्यांच्या कामावर. म्हणजे शहराला पसरायला जागा बोरशेतने दिली आणि हात सुरगाणा पुरवतो आहे. माझा निम्मा वर्ग तुझ्या शांतिवनात विटा वाहत असेल. कुणी ओळखीचं हसलं तर तूही हस, ती माझी तिसरीतली पोरं आहेत.

एकच काम सांगतो. आई हट्टाने गावात एकटी राहते. सुरगाण्याची थंडी तिला सोसत नाही आणि माझ्या बायकोच्या हातची भाजी चालत नाही. गुडघे धरलेत. दर बुधवारी ती आपल्या वस्तीवरून शेतातल्या वाटेने गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात जाते. तुझं घर त्या वाटेला लागूनच येईल. जाता-येता तिला ओट्यावर बसव, पाणी दे. एवढं केलंस तर तुझ्या कारंज्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.

पुंजाराम


शांतिवन, गंगापूर रोड,
१५ नोव्हेंबर १९८१

आदरणीय दादा यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधीच राहायला आलो, पण कामाच्या गडबडीत पत्र राहून गेले. गडबड अशी की कॉलनीच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो. बिनविरोध. इथे सगळी सुशिक्षित मंडळी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनियर, शेजारी विज्ञानाचे प्राध्यापक, पलीकडे बँकेचे मॅनेजर. माझा इंग्रजी ड्राफ्ट चांगला असतो म्हणून त्यांनीच आग्रह केला. एकमेकांच्या खासगी गोष्टींची चौकशी करायची इथे पद्धत नाही, ते मला फार आवडले.

हॉलमध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती ठेवली आहे. सर्वांना पसंत पडली. प्राध्यापकांनी जपानी कला म्हणून कौतुक केले. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावला आहे, तिथे ऊन लागत नाही.

शांततेचे म्हणाल तर ती अजून पुरती मिळालेली नाही. त्या खेड्याचा उपद्रव आहे. सकाळी म्हशी कॉलनीतून जातात आणि मागे काय टाकतात ते तुम्हाला सांगायला नको. (दूध मात्र प्रत्येकाला समोर काढलेले हवे असते, तो विषय वेगळा.) चुलींचा धूर येतो, कोंबडे वेळ पाळत नाहीत. प्राध्यापक म्हणतात, निसर्गाच्या सान्निध्यात राहायचे तर निसर्गाला थोडी शिस्त पाहिजे. म्हशींविषयी ठराव झाला आहे. कोंबड्यांचा मसुदा मी करतो आहे.

त्या बाजूने आता संरक्षक भिंत घालायचे चालले आहे. सांडपाण्याचेही मार्गी लागले. उतार मुळातच पलीकडे असल्यामुळे पाइपचा खर्च वाचला.

मोठी आई बऱ्या आहेत.

आपला,
सावळीराम


सुरगाणा,
६ डिसेंबर १९८१

प्रिय सावळीराम,
जयभीम.

'त्या खेड्याचा उपद्रव' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझा जन्म त्याच खेड्यातला, त्यामुळे उपद्रव तसा जुना आहे. तुझ्या जन्माच्या वेळी मी सुईणीला बोलवायला पळालो होतो, तेव्हा कुणी ठराव केला नव्हता.

पूर्वी तुझ्या पत्रावर जयभीम असायचा, आता नमस्कार आला. आंतर्देशीय तर तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं असतं, मग लाजलास कुणाला? बुद्ध जपानी झाले हे वाचून गंमत वाटली. बाबासाहेबांना ऊन लागत नाही हेही कळलं. तुझ्या घरात सगळ्यांची सोय लागली, तुझी कुठे लागली ते तेवढं लिहिलं नाहीस.

तुम्ही मंडळी मोकळी हवा, धारोष्ण दूध आणि हिरवळ पाहून तिथे गेलात. आता हवेतला धूर नको, दुधामागची म्हैस नको आणि हिरवळ ज्यांनी राखली ती माणसं नकोत. बरं चाललं आहे. आणखी काही वर्षांनी तुमच्याही पुढे एखादी कॉलनी उठेल आणि तुमच्या कुकरच्या शिट्ट्यांवर ठराव करील.

आता पुढचं नीट वाच, इथे मी थट्टा करत नाही. ही भिंत कुठून जाणार? आपल्या वस्तीवरून रस्त्याला निघणारी वाट तुझ्या घरामागूनच जाते. ती बुजली तर आईला खाणीला वळसा घालून जावं लागेल, आणि तिच्या गुडघ्यांनी ते होणार नाही. तू सेक्रेटरी आहेस. भिंत घाला, वर काचा रोवा, पण माणूस जाईल एवढी जागा सोडा. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, हे मागतो.

आणि आई बरी आहे म्हणतोस, तर तिला शेवटची कधी पाहिलीस?

पुंजाराम


शांतिवन,
२० मार्च १९८२

आ. दादा यांस, स. न.

आपले पत्र मिळाले. भिंतीचा प्रश्न तांत्रिक असून बहुमताचा आहे. माझे मत मी योग्य वेळी मांडणार होतो, परंतु ठराव त्याआधीच मंजूर झाला. फाटक ठेवण्याची सूचना सुरक्षिततेच्या कारणास्तव मान्य होऊ शकली नाही. खाणीकडून पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. मार्चअखेरीमुळे जास्त लिहीत नाही.

सावळीराम


बोरशेत,
२७ जुलै १९८३

पुंजास आईचा आशीर्वाद.

लिहिणार नवसाबाईची सून शकू. तिला म्हनलं, म्या बोलते तसंच लिही, शुद्ध करू नको, नायतर पुंजाला वाटंल ही दुसऱ्याच कुनाची आई हाय.

म्या बरी हाय, आधी ते ऐक. मंग बाकीचं.

भिंत झाल्यापसून म्या दवाखान्याला जानं सोडलं. गुडघा घरी बी दुखतो, तिथं नेऊन दुखवायचा कशाला? औंदा पाऊस लागला आन कॉलनीचं गटार भिंतीच्या भोकातून आपल्या हिरीकडं आलं. मानसांना जायला जागा नाय ठेवली, घानीला ठेवली. मंग हगवन-उलटी सुरू झाली. आधी फकिराच्या घरी, मंग आपल्या वस्तीत, मंग साऱ्या गावात. मला बी लागली. पोरांनी झोळी केली आन खाणीवरनं फिरवून दवाखान्यात नेलं. झोळीतून मला सावळ्याच्या बंगल्याची गच्ची दिसत व्हती. गच्चीवर कापडं वाळत व्हती. डाक्टर म्हनला, आजी, आजून उशीर झाला आसता तर मला काय काम उरलं नसतं. म्या म्हनलं, मंग वाट सरळ करून घ्या की.

गावानं ठरवलं, मरीआईचा गाडा काढायचा. तुला आठवंल का नाय, लय वर्सं निघाला नव्हता. गाड्यात मरीआई बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबाचा पाला, दहीभात ठेवायचा आन वढत नेऊन शिवेपल्याड सोडायचा. रोगराई तिच्यासंगं जाती. पुढचं गाव आपला गाडा पुढं ढकलतं. गावातली मानसं आपल्या वस्तीत आली. म्हनली, आक्काबाई, वढायचा मान पैल्यापसून तुमचा. म्या खाटेवरच व्हते. म्हनलं, मान ऱ्हाऊ द्या तुमाला, आमी छप्पन साली दिला सोडून. पानी उकळून प्या आन ते गटार बुजवा. ते म्हनले, पानी उकळायला सरपन कुठं हाय, शेतं गेली तशा काट्याकुट्या बी गेल्या. ते बी खोटं नाय.

मंग त्यांचा त्यांनीच वढला. पर सोडायचा कुठं? पैली शिव व्हती तिथं सावळ्याची कॉलनी. वरल्या अंगाला दुसरी कॉलनी. खाणीकडं गोदामं. खाली गंगा-गोदावरी. आन शकू सांगती, महापालिका झाली तव्हापसून आपलं गाव बी नाशकातच धरलंय. घ्या. गाडा घेऊन बाप्ये दिसभर फिरले, शिव काय घावंना. शेवटाला म्हनले, घान जिथून आली तिथंच. खाणीवरनं फिरून कॉलनीच्या फाटकात सोडला आन मागं न बघता आले.

तू आत्ता येऊ नको. नाल्यांना पूर आसंल, जीप बंद आसंल. शकू म्हनती, गुरुजींचं कागदावर लय धारदार आसतं. आसंल बाबा. पर दोन वर्सांत तू बी किती येळा आला ते म्या मोजत नाय.

आई


शांतिवन,
२९ जुलै १९८३

आदरणीय दादा यांस,
सप्रेम नमस्कार.

फार अडचणीत आहे. मंगळवारी बोरशेतच्या लोकांनी आमच्या फाटकात मरीआईचा गाडा आणून सोडला. इथे अंधश्रद्धा कुणीच मानत नाही. अध्यक्षांनी लगेच सांगितले की प्रश्न श्रद्धेचा नसून वाहतुकीचा आहे. तरी तेव्हापासून फाटकातून कुणीही गेलेले नाही. सगळे माझ्या कुंपणाच्या तारा वाकवून ये-जा करतात, त्यात लताची मोगऱ्याची झाडे गेली. प्राध्यापकांनी रजा टाकली. मॅनेजरांच्या मिसेसनी गच्चीवरून गाड्याच्या दिशेने हळदकुंकू टाकले. ते वाऱ्याने अध्यक्षांच्या गाडीवर पडले, आता अध्यक्ष गाडी बाहेर काढत नाहीत. भांडीवाल्या बाया गावातून येईनाशा झाल्या आहेत. दूध बंद आहे.

रस्त्यापलीकडच्या कॉलनीकडे गाडा सरकवून द्यावा असा विचार पुढे आला, पण त्यांना सुगावा लागला आणि त्यांनी दारात पहारेकरी बसवला. मग बांधकामावरचे मजूर बोलावले. त्यांचा मुकादम तुमच्याकडचाच, सोमा. त्याने लांबूनच हात जोडले, म्हणाला की आमची देवी आम्हाला पुरते, तुमची तुम्ही बघा.

शेवटी एकच मार्ग उरला. जुन्या वाटेने गाडा परत गावात नेऊन सोडायचा. त्यासाठी भिंतीचा तुकडा पाडावा लागेल, त्याला सभेने एकमताने मंजुरी दिली. सुरक्षिततेची अडचण आता कुणालाही वाटत नाही.

पण ओढायचा कुणी? अध्यक्ष म्हणाले, गावात ती माणसे असतीलच, पूर्वापार त्यांचेच काम आहे ते, सेक्रेटरींनी जाऊन ठरवून यावे. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. सेक्रेटरी म्हणून पाहिले, दुसरे काही नाही. मी हो म्हणालो.

काल खाणीवरून मोठ्या आईंकडे गेलो. ती वाट इतकी लांब असेल अशी कल्पना नव्हती, बूट पार गेले. त्या आजारी होत्या हे मला तिथे गेल्यावर समजले. तरी उठून त्यांनी चहा टाकला, लताची चौकशी केली. मग मी आलेले काम सांगितले. शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले.

"तुझ्या आज्यानं वढला, तुझ्या बापानं वढला," त्या म्हणाल्या. "त्यांना कुनी इचारलं नव्हतं. आन ज्यांनी तुला धाडलंय, त्यांना ठावं हाय का, आपुन कुनाला धाडलं ते?"

मी म्हणालो, तसा विषय कधी निघाला नाही.

"मंग काढ," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दादा, त्या तुमचा शब्द मोडत नाहीत. वस्तीतल्या तरुण मुलांना त्यांनी तयार करावे असे त्यांना लिहा. यात जुने काही मनात आणू नये, केवळ मजुरीचे काम समजावे. हे झाले तर भिंतीची वाट उघडी ठेवायचेही मी पाहीन. रविवारी सभा आहे. तार केली तरी चालेल.

आपला,
सावळीराम


सुरगाणा,
४ ऑगस्ट १९८३

सावळीराम,

तुझं पत्र आज हातात पडलं, म्हणजे तुझा रविवार होऊन गेला. बरंच झालं. आधी मिळालं असतं तर मी जी तार केली असती ती पोस्टमास्तरांनी घेतली नसती.

आईचंही पत्र त्याच थैलीत आलं. तिला झोळीत घालून तुझ्या भिंतीच्या कडेकडेने नेलं, मरता मरता वाचली. आणि तू बुटांचं लिहितोस. तिच्या हातचा चहा पिऊन तिलाच गाड्याला जुंपायला निघालास. मला तुझा इतका संताप आला आहे की तुझी थट्टा करणं सुचत नाही.

पूल उघडला की येतो आहे. तुझ्याकडे उतरणार नाही. सभेत काय केलंस ते लिही, दुसरं काही लिहू नको.

पुंजाराम


शांतिवन,
९ ऑगस्ट १९८३

दादा,
जयभीम.

विचारलंत तेवढंच लिहितो.

सभा अध्यक्षांच्या हॉलमध्ये झाली. चहा-बिस्किटं होती. अध्यक्षांनी विचारलं, सेक्रेटरी, माणसांचं ठरलं का? मी उठलो आणि म्हणालो, ती माणसं येणार नाहीत, हे काम त्यांनी छप्पन सालीच सोडलं आहे. प्राध्यापक म्हणाले, तुम्हाला इतकी सविस्तर माहिती कशी? मी म्हणालो, मी त्यांच्यातलाच आहे. गावात माझी चुलती राहते, आपली भिंत तिच्या वाटेवर आहे, आपलं गटार तिच्या विहिरीत जातं, आणि माझा बंगला माझ्याच आज्याच्या गोठ्यावर आहे.

आदल्या दिवसापासून मी मनाशी सगळं घोकून गेलो होतो. चिडतील, तोंडं फिरवतील, फसवलं म्हणतील, त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण तसं काहीच झालं नाही. उलट अध्यक्षांचा चेहरा मोकळा झाला.

"अरे, मग तर सोपंच झालं," ते म्हणाले. "तुम्ही तर घरचेच."

मॅनेजरांनी सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. प्राध्यापकांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. दादा, त्यांच्या बोलण्यात जराही राग नव्हता. त्यांना खरोखरच हायसं वाटलं होतं. ती माणसं शोधत खाणीवरून जायला नको, माणूस इथेच मिळाला. दोन वर्षं मी त्यांचे ड्राफ्ट लिहिले, आणि एका वाक्यात गाडा ओढायच्या कामाला लागलो.

मी म्हणालो, नाही ओढणार. सोसायटीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून आलो. घरी येऊन बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये लावायला घेतला, तर खिळा ठोकताना अंगठ्यावरच हातोडी मारून घेतली. लता मात्र तेव्हापासून गुणगुणते आहे, इतक्या दिवसांत तिला असं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्यांनी स्वतःच भिंत पाडली. गवंडी मिळेना, म्हणून अध्यक्षांनी रबरी हातमोजे घालून पहार घेतली. मग सगळे मिळून गाडा. प्राध्यापकांच्या नाकाला रुमाल, मॅनेजर मागून लांब बांबूने रेटत होते. तिघांनीही चपला काढल्या होत्या, आणि प्रश्न वाहतुकीचा होता. गाडा भगदाडाच्या मधोमध आला आणि चाक मोडलं. गाव म्हणतं आम्ही उचलणार नाही, कॉलनी म्हणते आमच्या हद्दीतून निघाला. तो तिथेच बसला आहे. कडेने माणूस जाईल एवढी जागा आहे, आणि गाडा आहे तोवर एकही गवंडी त्या भिंतीला हात लावणार नाही. मोठ्या आईंची वाट उघडी झाली. ती मी उघडली नाही, हे मला कळतं.

लोक इथे अजून नमस्कार करतात, फक्त थांबत नाहीत. त्याच शेटजींचा निरोप आला आहे, बंगला काढायचा असेल तर घेतो म्हणून. मी विकून नाशिक रोडला परत जायचं म्हणतो आहे.

सावळीराम


बोरशेत,
११ सप्टेंबर १९८३

पुंजास आशीर्वाद.

तू येऊन गेला, बरं वाटलं. सावळ्याकडं न जाता गेला, ते काय बरं वाटलं नाय. पुढल्या बारीला जायचं.

गाडा हाय तिथंच हाय. आता कॉलनीतल्या बाया नारळ फोडाया येत्यात, पर पिशवीत झाकून आनत्यात आन कुनी आलं का भाजी न्यायला आल्यावानी करत्यात. आपल्या पोरांनी गटाराच्या भोकात दगड-सिमिट भरलं. मंग पानी त्यांच्याच बगिच्यात साचलं, अध्यक्षाच्या खिडकीखाली वास सुटला. इतके दिस पाइप घालता येत नव्हता म्हनं. तो लगोलग आला. हिरीत औषध टाकलं, गावाची दुखनी थांबली. गाव म्हनतं, मरीआईनं केलं. म्या काय भांडत नाय, पाइप झाला ना.

आता सावळ्याचं. तो आला व्हता, भगदाडातून. तोंड बारीक केलेलं. म्हनला, मोठे आई, बंगला इकतो, तिथं माझ्याशी कुनी बोलत नाय. म्या इचारलं, घेनार कोन? तर तोच शेटजी. तव्हा माझं डोस्कं फिरलं. म्या म्हनलं, आरं, तुमी दोगांनी एकदा इकून बघितलं ना? मला न इचारता इकलं. ते समदं कुठं ग्येलं, दाखव मला. आता इकायचं नाय. तू उठून ग्येला का त्यांना समदं पैल्यावानी व्हईल, नवा सेक्रेटरी येईल, भिंत बी येईल. त्यांना तसं सुख लागू द्यायचं नाय. तिथंच ऱ्हायचं. बोलत नाय तर नाय, म्या बोलती ना तुझ्याशी.

तो लय रडला, लहानपनी रडायचा तसाच, नाकानं. मला बी वाईट वाटलं. आपलंच पोर हाय.

तव्हापसून म्या रोज सांजच्याला त्याच्याकडं जाती. भगदाडातून गेलं का त्याचं मागचं दार येतं, दोन पावलांवर. पर मागच्या दारानं म्या जात नाय. जिंदगीभर लोकांच्या मागच्या दारानं ग्येले. म्या वाटंनं पार रस्त्यापतुर जाती आन वळून कॉलनीच्या मोठ्या फाटकातून आत येती, अध्यक्षाच्या बंगल्यावरनं. तो पेपर वाचत बसल्याला आसतो, मला बघून पेपर तोंडापुढं धरतो. म्या हळूहळू चालती. गुडघा दुखतो म्हनून नाय, त्याला नीट दिसावं म्हनून. लता पुढच्या दारात खुर्ची टाकती. तिथं बसून म्या चहा पिती, आन संपला का आजून एक मागती.

तुझी आई,
आक्काबाई